पाच मिनिटांचा सेन्सर, चार तासांचे इन्सुलिन

तुम्ही लिहिले आहे की टाइप १ मधुमेह होऊन सोळा वर्षे झाली, इतकी वर्षे रोज चार-पाच इंजेक्शने घेऊन तुमचे ठीक चालले होते, आणि चार महिन्यांपूर्वी मोठ्या आशेने तुम्ही इन्सुलिन पंप आणि सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर लावून घेतला. तेव्हापासून रात्री अलार्मने झोप मोडते, दिवसा लक्ष कामाऐवजी फोनवरच्या आलेखात अडकते, जेवणानंतर साखर २५०च्या वर जाते, ती उतरवण्यासाठी इन्सुलिन घेतले की दोन तासांनी ६०वर येते, आणि पंपाची स्वयंचलित पद्धत सुरू केली तरी तिच्यावर भरवसा वाटत नसल्याने तुम्ही ती पुन्हा बंद करता. शेवटी तुम्ही विचारता की हे यंत्र तुमच्यासाठी नाहीच का, आणि पुन्हा इंजेक्शनांकडे वळावे का.

मी डायबेटिस एज्युकेटर आहे. पंप लावलेल्या लोकांना तो वापरायला शिकवणे आणि त्यांचे अहवाल त्यांच्यासोबत बसून वाचणे हे माझे रोजचे काम. तुम्ही वर्णन केलेली अवस्था मला चांगली परिचित आहे. आधी इंजेक्शनांवर काळजीपूर्वक वागणाऱ्या लोकांतच ती अधिक दिसते, कारण समोर आकडा दिसला की त्यावर काहीतरी करायला हवे, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय असते. यंत्र ठेवावे की काढावे हे तुम्ही अवश्य ठरवा, पण ते ठरवण्याआधी एक गोष्ट दुरुस्त करून पाहा, असे मला मनापासून वाटते. ती म्हणजे तुमच्या निर्णयांची गती.

सेन्सर दर पाच मिनिटांनी, काही सेन्सर तर दर मिनिटाला, नवा आकडा देतो. पूर्वी बोट टोचून दिवसात पाच-सहा आकडे मिळत. आता पाच मिनिटांच्या हिशेबाने २८८ मिळतात. इन्सुलिनचा वेग मात्र पूर्वीइतकाच राहिला आहे. पंपात भरले जाते ते जलद इन्सुलिनसुद्धा त्वचेखाली गेल्यावर साधारण दहा ते वीस मिनिटांनी काम सुरू करते, एक ते दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि परिणाम तीन ते पाच तास टिकतो. म्हणजे आत्ता घेतलेला डोस योग्य होता की नाही हे दोन-तीन तासांआधी कळतच नाही, आणि त्या मधल्या काळात सेन्सर तुम्हाला तीस वेळा विचारतो की आता काय करणार. तुम्ही प्रत्येक वेळी उत्तर देत आहात. तुमच्या आलेखातले बहुतेक हेलकावे तिथूनच येत असावेत, असा माझा अंदाज आहे.

अंदाज म्हणते, कारण तुमचे अहवाल माझ्यासमोर नाहीत. तुमचे वजन, रोजचे एकूण इन्सुलिन, मूत्रपिंडाची अवस्था, डोळ्यांची तपासणी, साखर कमी झाल्याची लक्षणे तुम्हाला अजून जाणवतात की नाही, गर्भधारणा आहे किंवा तिचा विचार आहे का, पंप कोणत्या प्रकारचा आहे, या सगळ्यावर उत्तर थोडेथोडे बदलते. पुढे मी जे आकडे देते ते प्रौढांसाठी सर्वसाधारणपणे वापरले जाणारे आहेत आणि साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत; डोसमधला प्रत्यक्ष बदल तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

आधी सेन्सर नेमके काय मोजतो ते पाहू. तो रक्तातली साखर मोजत नाही. त्वचेखालच्या पेशींभोवती जो द्रव असतो त्यातले ग्लुकोज मोजतो, आणि रक्तातला बदल तिथे पोहोचायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात. साखर स्थिर असते तेव्हा हा उशीर जाणवत नाही. ती वेगाने चढत किंवा उतरत असते तेव्हा मात्र बोटाच्या रक्ताचा आकडा आणि सेन्सरचा आकडा यांत मोठे अंतर पडते, आणि लोक नेमके त्याच वेळी दोन्हींची तुलना करून सेन्सर खोटा ठरवतात. साखर कमी झाल्यावर गोड खाल्ले आणि दहा मिनिटांनीही सेन्सर ६२च दाखवत असेल, तर रक्तातली साखर तोपर्यंत वर आलेली असण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी बोट टोचून पाहा; पुन्हा खाऊन तासाभराने २४०वर जाण्यापेक्षा ते बरे.

आजच्या सेन्सरांची सरासरी तफावत साधारण ८ ते १० टक्के असते. ग्लुकोमीटरसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही १००च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडेतिकडे चालते, म्हणून १४० आणि १५२ यांत खरा कोणता हा वाद घालण्यात अर्थ नाही. नवा सेन्सर लावल्यावर पहिला दिवस तो कमी भरवशाचा असतो. काही सेन्सरांवर पॅरासिटामॉलमुळे, तर काहींवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे आकडा खोटा वर जातो, आणि पंप स्वयंचलित पद्धतीत असेल तर त्या खोट्या आकड्यावर तो खरे इन्सुलिन देतो. तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात याची नोंद असते, ती एकदा नक्की वाचा. रात्रीच्या अलार्मांचे एक फार सामान्य कारण म्हणजे सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपणे. दाबामुळे तिथला द्रव हलत नाही, आकडा एकदम खाली कोसळतो आणि कूस बदलली की थोड्या वेळात परत वर येतो. आलेखात कड्यासारखी सरळ उतरण आणि तशीच सरळ चढण दिसली तर ती बहुधा हीच असते. सेन्सरची जागा बदलल्यावर अशा कित्येक रात्री शांत होतात.

मी सांगते तो व्यवहारातला नियम साधा आहे: शरीराला जे वाटते ते आणि सेन्सरचा आकडा जुळत नसेल, सेन्सर नवा असेल, किंवा मोठा डोस घ्यायचा असेल आणि मनात शंका असेल, तर बोट टोचा. एरवी सेन्सरवर विसंबायला हरकत नाही.

आता २५० आणि ६०च्या चक्राकडे येते, कारण तुमच्या त्रासाचे मूळ मला तिथे दिसते. जेवणानंतर दीड तासाने सेन्सर २५० दाखवतो असे धरा. तुमचे एक युनिट साखर ४०ने उतरवते आणि तुम्हाला १२० गाठायचे आहे. नुसती वजाबाकी केली तर १३० उतरवायला सव्वातीन युनिट लागतील. पण जेवणाच्या वेळी घेतलेल्या बोलसमधले (जेवणासाठी एकदम घेतलेल्या डोसमधले), समजा, दोन युनिट अजून शरीरात शिल्लक आहेत, आणि तेही ८०ने साखर उतरवणारच आहेत. म्हणून आता लागणारे इन्सुलिन फक्त सव्वा युनिट. ते दोन युनिट विसरून सव्वातीन घेतले तर साखर, निदान कागदावर, ४०पर्यंत जाते. प्रत्यक्षात काही अन्न अजून पचत असल्यामुळे ती कदाचित ६०वर थांबते, आणि नेमके तेच तुम्ही लिहिले आहे. पंप हे शिल्लक इन्सुलिन स्वतः मोजतो, मात्र प्रत्येक पंपाचा हिशेब करण्याचा मार्ग थोडा वेगळा असतो, आणि तो बरोबर यायला दोन अटी आहेत. पहिली, प्रत्येक डोस पंपाच्या गणकातूनच घ्यावा, त्याचा सल्ला डावलून मनाने वाढवू नये. दुसरी, इन्सुलिन किती वेळ काम करते याची नोंद पंपात खरी असावी. पंप अधिक इन्सुलिन देईल या आशेने काही जण ही नोंद दोन तासांवर आणतात. मग दोन तासांनंतरचे शिल्लक इन्सुलिन पंपाच्या लेखी शून्य होते, शरीरात मात्र ते असतेच. स्वयंचलित पद्धतींत हा आकडा कसा वापरला जातो हे यंत्रागणिक बदलते, म्हणून तुमच्या पंपासाठी तो किती असावा हे डॉक्टरांना विचारून घ्या.

मुळात २५०वर जाणे टाळता आले तर हा हिशेबच कमी वेळा करावा लागेल. त्यासाठी डोस वाढवण्याआधी डोसची वेळ पाहा. जेवणातली साखर बोलसपेक्षा आधी रक्तात पोहोचते. बोलस पहिल्या घासाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी घेतला तर, एकूण इन्सुलिन तेवढेच असूनही, चढ ठळकपणे कमी होतो. जेवणाआधी साखर ८०च्या आसपास किंवा खाली असेल तर ही वाट पाहू नये. मिळणारे जेवण किती आणि केव्हा हे निश्चित नसेल, तर कर्बोदकांच्या खात्रीच्या भागापुरता बोलस आधी आणि उरलेला जेवताना घ्यावा. चरबी आणि प्रथिने भरपूर असलेल्या जेवणाचा परिणाम तीन-चार तासांनी दिसतो. अशा जेवणासाठी बोलसचा काही भाग लगेच आणि काही भाग दोन-तीन तासांत पसरून देण्याची सोय बहुतेक पंपांत, निदान हाताने चालवण्याच्या पद्धतीत, असते. ही सोय जरूर शिकून घ्या, मात्र आधी साध्या बोलसची वेळ जमू द्या.

जेवणानंतर पहिले दोन तास आलेख पाहायचाच नाही, असे मी अनेकांना सांगते. कमी साखरेचा अलार्म सुरू असतो, त्यामुळे धोका असेल तर यंत्र स्वतः बोलवेल. दोन-तीन तासांनी पाहा, पंपाच्या गणकाला विचारा, तो शून्य म्हणाला तर शून्य. सुरुवातीला हे फार कठीण जाते, चढणारा बाण पाहून गप्प बसणे म्हणजे हलगर्जीपणा वाटतो. पण इन्सुलिनला काम करू देणे हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

एक परिस्थिती मात्र अशी आहे जिथे वाट पाहायची नसते, आणि ती प्रत्येक पंपधारकाला झोपेतसुद्धा आठवली पाहिजे. इंजेक्शनांवर असताना तुमच्या शरीरात दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचा साठा असे. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते, ते थेंबाथेंबाने जाते, आणि मागे कोणताही साठा नसतो. कॅन्युला, म्हणजे त्वचेखाली जाणारी बारीक नळी, दुमडली, चिकटपट्टी सुटून इन्सुलिन बाहेर झिरपले, ट्यूबमध्ये हवा शिरली किंवा जोडणी सैल राहिली तर दोन ते चार तासांत किटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून बनणारी आम्ले) वाढू लागू शकतात आणि त्याच दिवसात किटोॲसिडोसिसपर्यंत, म्हणजे त्यांमुळे रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होण्यापर्यंत, मजल जाऊ शकते. अडथळ्याचा अलार्म वाजेलच असे धरू नका: बेसलचा, म्हणजे दिवसरात्र थोडेथोडे जाणाऱ्या इन्सुलिनचा, दर कमी असेल तर तो उशिरा वाजतो, आणि इन्सुलिन बाहेर गळत असेल तर पंपाच्या दृष्टीने सगळे सुरळीत चाललेले असते.

म्हणून साखर २५०च्या वर गेली आणि तिचे कारण सापडत नसेल तर पंपातून एक करेक्शन (वाढलेली साखर उतरवण्याचा डोस) घ्या, जागा आणि ट्यूब तपासा, आणि तासा-दीड तासाने पुन्हा पाहा. तोपर्यंत उतरण लागली नसेल तर रक्तातले किटोन मोजा. ते ०.६ मिलिमोलच्या आत असतील तरी सेट (ट्यूब आणि कॅन्युला) बदला. ०.६ किंवा अधिक असतील तर पुढचा डोस पंपातून घेऊ नका. तो पेन किंवा सिरिंजने घ्या, त्यानंतर नव्या जागी नवा सेट लावा, पाणी पीत राहा आणि साखर व किटोन दर एक-दोन तासांनी पाहा. १.५च्या वर असतील तर डॉक्टरांना लगेच कळवा. ३च्या वर असतील, किंवा उलट्या होत असतील आणि पाणी पोटात ठरत नसेल, तर आकड्यांचा हिशेब सोडून थेट रुग्णालयात जा. मळमळ आणि पोटदुखी असेल तर साखर २५०च्या खाली असली तरी किटोन मोजावेत. गर्भारपणात आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये साखर फारशी न वाढताही किटोॲसिडोसिस होऊ शकतो.

तुम्हाला दोन प्रकारच्या चढांमधला फरक ओळखता आला की मनावरचे अर्धे ओझे उतरेल. जेवणानंतरचा चढ वर जातो, वळतो आणि उतरू लागतो. बंद पडलेल्या सेटचा चढ वळत नाही, आणि करेक्शन दिले तरी ढिम्म हलत नाही. पहिल्याला वेळ द्यायचा, दुसऱ्याला नाही.

सेट दर दोन ते तीन दिवसांनी बदलायचा असतो (काही नवे सेट सात दिवसांसाठी बनवलेले आहेत, पण तुमचा तसा आहे का हे पाकिटावर पाहा). तो झोपण्यापूर्वी बदलू नका. जेवणाच्या थोडे आधी बदला, म्हणजे पुढच्या दोन तासांत तो नीट चालतो की नाही हे तुम्ही जागे असतानाच कळेल. इन्सुलिन फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच भरा, थंड इन्सुलिनमध्ये नंतर बुडबुडे सुटतात. आणि जागा खरोखर बदला. एकाच ठिकाणी वारंवार टोचल्याने त्वचेखाली चरबीच्या गाठी होतात, तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच जातो, आणि त्या गाठीतून इन्सुलिन आज कमी तर उद्या एकदम जास्त शोषले जाते. सोळा वर्षांच्या इंजेक्शनांनंतर तुमच्या पोटावर अशा जागा असण्याची शक्यता पुष्कळ आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून हाताने चाचपून त्या शोधून घ्या. कोणतेही गणित न बदलता केवळ जागा बदलल्याने आलेख शांत झालेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

चिकटपट्टीने खाज किंवा पुरळ येत असेल तर तेही अंगावर काढू नका. त्वचेवर आधी लावायचे संरक्षक द्रव आणि पातळ पट्ट्या मिळतात, आणि विशिष्ट गोंदाची ॲलर्जी असेल तर सेन्सरचा प्रकार बदलता येतो.

आता स्वयंचलित पद्धतीविषयी, कारण तुम्ही ती सुरू करून बंद करता हे मला काळजीचे वाटते. सेन्सरच्या आकड्यावरून बेसल आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पहिल्या पंपाला अमेरिकेत २०१६मध्ये मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून या पद्धती बऱ्याच सुधारल्या आहेत. त्या दर काही मिनिटांनी पुढचा अंदाज बांधतात, साखर घसरणार असे दिसले तर इन्सुलिन थांबवतात, चढणार असे दिसले तर वाढवतात, आणि काही यंत्रे स्वतः करेक्शनही देतात. जेवणाचा बोलस मात्र आजही तुम्हालाच द्यावा लागतो. यंत्राला तुमच्या गरजेशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात आणि तो काळ पूर्ण होण्याआधीच तुम्ही ती बंद केली तर तिला तुमची ओळख होतच नाही. शिवाय तुम्ही मधूनमधून हाताने करेक्शन देत असाल, किंवा न खाल्लेली कर्बोदके खाल्ली म्हणून नोंदवून यंत्राकडून जादा इन्सुलिन काढून घेत असाल, तर साखर खाली गेल्यावर यंत्र इन्सुलिन थांबवते, त्यामुळे नंतर ती चढते, आणि तुम्हाला वाटते की यंत्र चुकले. दोघांनी एकच सुकाणू धरल्यासारखे ते होते.

किमान दोन आठवडे ती सलग सुरू ठेवा आणि तेवढ्या काळात तुमच्याकडे फक्त तीन कामे ठेवा: जेवणाचा बोलस वेळेवर घेणे, सेट वेळेवर बदलणे आणि व्यायामाची पूर्वसूचना यंत्राला देणे. बोलस विसरलात आणि जेवून तासभर झाला असेल, तर पूर्ण बोलस घेऊ नका, कारण यंत्राने चढ पाहून इन्सुलिन वाढवायला सुरुवात केलेली असते; अशा वेळी साधारण अर्धा घ्यावा किंवा केवळ गणकाने सुचवलेले करेक्शन घ्यावे. साखर कमी झाली तर पूर्वीची १५ ग्रॅम साखरेची सवय इथे अनेकदा जास्त ठरते. यंत्राने आधीच इन्सुलिन थांबवलेले असल्यामुळे बहुतेकांना ५ ते १० ग्रॅम पुरते. पंधरा मिनिटांनी पाहून लागले तर पुन्हा घ्यावे. साखर ५४च्या खाली असेल, किंवा नुकताच मोठा बोलस घेतला असेल, तर मात्र काटकसर करू नका. ही साखर पंपात जेवण म्हणून नोंदवायची नसते, नाहीतर पंप तिच्यासाठी इन्सुलिन देऊन बसतो.

व्यायामाचेही गणित वेळेचे आहे. चालणे, पळणे, पोहणे यांसाठी तात्पुरते वरचे लक्ष्य किंवा कमी बेसल व्यायामाच्या एक ते दीड तास आधी सुरू करावे लागते. निघताना सुरू केले तर शरीरात आधी गेलेले इन्सुलिन व्यायामभर काम करतच राहते. जोरकस, थोडक्या वेळाच्या व्यायामाने किंवा वजने उचलल्याने साखर उलट काही काळ चढू शकते, ती लगेच उतरवायला जाऊ नका. दुपारनंतर केलेल्या दीर्घ व्यायामाचा परिणाम रात्रीपर्यंत लांबतो, म्हणून त्या रात्री लक्ष्य थोडे वर ठेवावे.

रात्रीची झोप परत मिळवणे मी सगळ्यांत आधी हाती घेते, कारण न झोपलेला माणूस दिवसाचे निर्णय नीट घेऊ शकत नाही. अतिकमी साखरेचा अलार्म, बहुतेक यंत्रांत ५५च्या आसपासचा, बंद करता येत नाही आणि करूही नये. ७०चा अलार्म ठेवा. साखर कमी झाल्याची लक्षणे तुम्हाला जाणवत नसतील तर तो ८०वर ठेवा. जास्त साखरेचा अलार्म सध्या १८०वर असेल तर तो निदान महिनाभरासाठी २५० किंवा २७०वर न्या आणि एक-दोन तासांच्या विलंबाने वाजू द्या, म्हणजे जेवणानंतरच्या साध्या चढाला तो ओरडणार नाही पण बंद पडलेला सेट रात्रीही पकडेल. वेगाने चढण्या-उतरण्याच्या सूचना सध्या बंद ठेवा. घरातले कोणी तुमचा आलेख त्यांच्या फोनवर पाहत असेल तर त्यांनी कोणत्या आकड्याला फोन करायचा आणि कोणत्या आकड्याला नाही, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. काळजीपोटी दर तासाला विचारलेले ‘किती आहे?’ हेही एक अलार्मच असते.

आता आलेखाकडून अपेक्षा किती ठेवावी, हे सांगते. २०१९मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेली उद्दिष्टे अशी आहेत: दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८०च्या दरम्यान, ७०च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४च्या खाली १ टक्क्याहून कमी आणि २५०च्या वर ५ टक्क्यांहून कमी. तासांत मांडले तर दिवसातले सतरा तास पट्ट्यात असले की पुरे. उरलेले सात तास पट्ट्याबाहेर, तेही बहुतेक वरच्या बाजूला, धरूनच हे उद्दिष्ट आखले आहे. वृद्धांसाठी आणि साखर कमी होण्याचा धोका अधिक असलेल्यांसाठी ते आणखी सैल, ५० टक्क्यांचे आहे. गर्भारपणात पट्टा ६३ ते १४० असा अरुंद होतो. सरळ रेषा कोणीही मागितलेली नाही. तुमचा वेळ आज ५० टक्के असेल आणि तो ५५ झाला, तर तेवढा फरकही आरोग्याच्या दृष्टीने मोलाचा मानला जातो.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: आधी अलार्म आणि झोप, मग सेटच्या जागा, मग बोलसची वेळ, आणि त्यानंतरच बेसल किंवा गुणोत्तरे (किती कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन). हाताने चालवण्याच्या पद्धतीत बेसल बदलायचे झाले तर एका वेळी एकच बदल, तोही १० ते २० टक्क्यांचा, आणि किमान दोन-तीन रात्री पाहिल्याशिवाय पुढचा नाही. पहाटे चारला चढणारी साखर रोखायची असेल तर बदल दोनच्या सुमारास सुरू व्हायला हवा. हे सगळे रोज संध्याकाळी करू नका. आठवड्यातून एक ठरलेला अर्धा तास द्या, मागच्या चौदा दिवसांचा एकत्रित अहवाल उघडा आणि एकच प्रश्न विचारा की रोज साधारण त्याच वेळी काय घडते. एखाद्या वाईट दिवसाचे कारण शोधण्यात वेळ घालवू नका.

एवढे करूनही मन थकलेलेच राहिले, तर तो थकवा खरा आहे आणि त्याला अपयश समजू नका. यंत्र सतत अंगावर वागवणे, ते कपड्यांतून दिसणे, प्रत्येक आकड्यात स्वतःची परीक्षा वाटणे, याचा भार काही जणांना इतरांपेक्षा फार जास्त होतो, आणि त्याविषयी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी मोकळेपणाने बोलणे उपचाराचाच भाग आहे. कडक नियंत्रणाने डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू वाचतात हे १९९३मध्ये ज्या मोठ्या अमेरिकी चाचणीने सिद्ध केले, त्या चाचणीतल्या कडक नियंत्रणाच्या गटात काही जण पंपावर होते आणि काही जण दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शने घेत होते. म्हणून इंजेक्शनांकडे परत जाणे ही माघार नाही. सेन्सर ठेवून इंजेक्शने घेणे हाही उत्तम पर्याय आहे, आणि मला विचाराल तर दोहोंपैकी एकच ठेवायचे झाल्यास मी सेन्सर ठेवायला सांगेन.

पंप ठेवा किंवा काढा, एक तयारी आजच करा. पंप कधीही बंद पडू शकतो, म्हणून जलद इन्सुलिनचे पेन, दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन, ग्लुकोमीटर, किटोनच्या पट्ट्या, जादा सेट आणि ग्लुकॅगॉन (साखर फार कमी झाल्यावर ती वाढवणारे औषध) हाताशी असू द्या, आणि त्यांच्या मुदती तपासत जा. पंपातले बेसलचे दर, कर्बोदकांची गुणोत्तरे आणि करेक्शनचा आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण बंद पडलेल्या पंपातून ते वाचता येत नाहीत. अंघोळीसाठी किंवा पोहण्यासाठी पंप काढलात तर तासाभराच्या आत परत जोडा; एमआरआयच्या खोलीत पंप नेऊ नका, आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या आधी तुमच्या पंपाविषयी व सेन्सरविषयी विचारून घ्या.

आणि दोन-तीन महिन्यांच्या प्रामाणिक प्रयत्नानंतर इंजेक्शनांवर जायचेच ठरले, तर पंप काढून मग इन्सुलिन घेण्याचा क्रम उलटा करा. दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचा जोर यायला वेळ लागतो, म्हणून त्याचे पहिले इंजेक्शन पंप काढण्याच्या दोन तास तरी आधी घ्यावे, आणि पंप स्वयंचलित पद्धतीत असेल तर त्या मधल्या वेळात काय करायचे हेही विचारून घ्यावे. त्या इंजेक्शनाचा डोस पंपातल्या दिवसभराच्या एकूण बेसलवरून ठरतो. तुमच्या पंपात स्वयंचलित पद्धतीमुळे तो रोज बदलत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना चौदा दिवसांच्या सरासरी बेसलचा आकडा अहवालातून काढून सोबत न्या.